हलकेपणाचें बळ : कूपे मोटारी आणि पडद्यावरील शर्यती

वेग म्हणजे बळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जिचें इंजिन मोठें ती मोटार वेगवान, जिची किंमत अधिक ती शर्यतींत पुढें, असें हिशेबी मनुष्य गृहीत धरून चालतो. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्यें संध्याकाळच्या वेळीं एखाद्या घरांत डोकावलें, तर या समजुतीच्या अगदीं उलट प्रकार दृष्टीस पडतो. कॉलेजांतून परतलेला मुलगा पडद्यासमोर बसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत असतो. त्या खेळांत शेंकडों मोटारी त्याच्या दिमतीला उभ्या असतात. कोट्यवधि रुपये किंमतीच्या इटालियन गाड्याहि त्यांत असतात. परंतु पुष्कळदां तो निवडतो ती एक जुनी, लहानशी, दोन दारांची जपानी गाडी. वडीलधाऱ्या मंडळींना मुळांत हा खेळच पोरकट वाटतो, आणि त्यांतली ही निवड तर अधिकच चमत्कारिक वाटते. वास्तविक या निवडीच्या मागें पाऊणशें वर्षांची यंत्रविद्या उभी आहे. ती विद्या कोणती, ती कोणीं घडविली, आपल्या महाराष्ट्राचा तिच्याशीं कितपत संबंध आला, आणि घरांतील तरुणांच्या या छंदाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढ्या चार गोष्टींचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम 'कूपे' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'कापलेली' असा होतो. घोड्यांच्या गाड्यांच्या काळांत, माणसें समोरासमोर बसतील अशा मोठ्या बंद गाडीचा पुढील भाग जणूं कापून टाकून दोघांपुरती आटोपशीर गाडी बनवीत. तिला हें नांव पडलें. पुढें घोडा गेला, इंजिन आलें, तरी नांव राहिलें. आज दोन दारें, पक्कें छप्पर आणि मागल्या बाजूस उतरत गेलेली पाठ, अशा मोटारीला कूपे म्हणतात. पुढें दोघांची बैठक. मागें असलीच तर नांवापुरती. म्हणजे कांहीं तरी वगळून तयार झालेली अशीच ही गाडी जन्मापासून आहे. वगळण्याचें हें तत्त्व ज्यांनीं शेवटपर्यंत नेलें, त्यांनीं हलक्या वेगवान कूपेची परंपरा निर्माण केली. अशा गाडीचें वजन हजार किलोंच्या अलीकडे, फार तर थोडें पलीकडे असतें. मुंबईकरांच्या परिचयाची चार दारांची प्रीमियर पद्मिनी सुमारें ९०० किलोंची होती. उलट आजच्या उंच, प्रशस्त एस. यू. व्ही. गाड्या दीड-दोन टनांच्या घरांत जातात.

आतां वजनाचा आणि वेगाचा संबंध पाहूं. मोटारीला शर्यतींत तीनच कामें करावीं लागतात: वेग घेणें, वेग आवरणें आणि वळणें. यांपैकीं पहिल्या कामांत वजनाचा अडसर कोणालाहि कळतो. पाठीवर पोतें घेऊन धावणारा आणि मोकळ्या अंगानें धावणारा यांच्यांतला जो फरक, तोच येथें असतो. म्हणून जाणकार मनुष्य इंजिनाची अश्वशक्ति नुसती विचारीत नाहीं. ती किती वजनामागें आहे, हें विचारतो. १९९६ सालीं इंग्लंडांतील लोटस कंपनीनें 'एलिस' नांवाची उघडी गाडी काढली. तिचें इंजिन अवघें ११८ अश्वशक्तीचें होतें; पण गाडीचें वजन सुमारें ७२५ किलोच असल्यामुळें दर हजार किलोंमागें १६० हून अधिक अश्वशक्ति पडत होती. दोन टनांच्या गाडीला हेंच प्रमाण साधावयाचें, तर तिला सुमारें ३२५ अश्वशक्तीचें इंजिन लागेल. आणि मोठें इंजिन म्हटलें कीं तें पेलणारा भक्कम सांगाडा, रुंद टायर, मोठे ब्रेक आणि मोठी टाकी हीं आलींच. अशा रीतीनें वजनानें वजन वाढतें. उलट, एके ठिकाणीं दहा किलो वांचविले तर दुसऱ्या ठिकाणीं दोन किलो आपोआप वांचतात.

दुसरें काम वेग आवरण्याचें. हजार किलोंची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें धावत असतां तिच्यांत जी शक्ति सांठलेली असते, ती थांबतांना ब्रेकमध्यें उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही उष्णता इतकी असते कीं, तिनें घरांतलें साधें सव्वा लिटर पाणी उकळीला यावें. गाडी दोन हजार किलोंची असली, तर अडीच लिटर पाणी उकळेल. शर्यतींत प्रत्येक वळणापूर्वीं हा प्रकार घडतो, आणि एका फेरींत दहा-पंधरा वळणें येतात. अवजड गाडीचे ब्रेक तापून हळूहळू निकामी होऊं लागतात तें यामुळेंच. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते, हेंहि येथेंच ध्यानांत ठेवावें; या आंकड्याचें काम पुढें पडणार आहे.

तिसरें आणि खरें कसोटीचें काम म्हणजे वळणें. येथें एखादा हुशार विद्यार्थी शंका काढील. घर्षण वजनाच्या प्रमाणांत वाढतें असें क्रमिक पुस्तकांत सांगितलेलें असतें. मग जड गाडी रस्त्याला तितक्याच जोरानें धरून राहील, तिचा तोटा कां व्हावा? शंका रास्त आहे. परंतु हा नियम रबराला तंतोतंत लागू पडत नाहीं. टायरवरील भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते खरी, पण दुप्पट वाढत नाहीं. थोडी कमी पडते. त्याच टायरांवर हलकी गाडी म्हणूनच वळण अधिक वेगानें घेऊं शकते. शिवाय वजन किती याबरोबर तें कोठें आहे, यालाहि महत्त्व असतें. दोन भरलेल्या बादल्या हात पसरून धरून गिरकी घेऊं लागलें, तर अंग लवकर फिरत नाहीं आणि फिरूं लागलेलें लवकर थांबत नाहीं. त्याच बादल्या अंगाशीं धरल्या कीं गिरकी सुलभ होते. इंजिनासारखी जड वस्तु गाडीच्या मध्याजवळ बसविण्याचें रहस्य हेंच.

महाराष्ट्राला हें तत्त्व अपरिचित नाहीं. बैलगाड्यांच्या शर्यतींत धान्य वाहणारी गाडी कोणी जुंपीत नाहीं. त्यासाठीं हलका छकडा असतो. मराठ्यांच्या घोडदळाचा दरारा होता तोहि अवजड सरंजामामुळें नव्हे. भीमथडीचीं काटक तट्टें, थोडें सामान आणि डोंगरवाटांचें ज्ञान, यांच्या जोरावर तें मोठमोठ्या फौजांना हैराण करीत असे. सपाट मैदानावर शक्तीचें वर्चस्व असेल. वळणावळणाच्या वाटेवर हलकेपणा मात करतो. मोटारींच्या इतिहासांतहि हाच अनुभव पुन्हां पुन्हां आलेला दिसतो.

या इतिहासाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईंत झाला. युरोपांत तेव्हां पोलाद दुर्मिळ, पेट्रोल महाग आणि खरेदीदार गरीब झाले होते. १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं पोर्शे नांवाची पहिली मोटार तयार झाली. तिचे बरेचसे भाग फोक्सवागनचे होते. त्याच कारखान्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा हातानें ठोकून थोड्या कूपे गाड्या बनविण्यांत आल्या. त्यांतील एक गाडी १९५१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत उतरली आणि ११०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या वर्गांत पहिली आली. लहान इंजिनाची गाडी अंगलटीनें हलकी आणि आकारानें गुळगुळीत असली तर काय करूं शकते, हें तेथें सिद्ध झालें.

हें तत्त्व व्रतासारखें पाळलें तें कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरनें. इंजिनाची ताकद वाढविली तर फायदा सरळ रस्त्यावर. वजन घटविलें तर फायदा सर्वत्र, असें त्याचें मत होतें. त्याच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत 'एलीट' ही कूपे मांडली. तिला निराळा लोखंडी सांगाडाच नव्हता. फायबरग्लासचें संपूर्ण कवच हाच तिचा सांगाडा आणि हेंच तिचें अंग. इंजिन १२१६ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे आजच्या एखाद्या लहान घरगुती मोटारीएवढें. ल मां येथें आपल्या वर्गांत ही गाडी वारंवार विजयी झाली. परंतु हलकेपणाची किंमतहि तिनें दिली. दारांच्या कांचा खालीं सरकत नसत. हवा हवी तर त्या काढून ठेवाव्या लागत. फायबरग्लासच्या कवचांत इंजिनाचा आवाज घुमे. सौंदर्य आणि चपळाई यांत अद्वितीय असलेली ही गाडी कंपनीला मात्र आतबट्ट्याचीच ठरली.

फ्रान्समध्यें दिएप या बंदरांत झां रेदेले नांवाचा रेनॉ मोटारींचा विक्रेता होता. साध्या रेनॉ गाड्यांचे भाग घेऊन त्यानें 'अल्पीन' ही गाडी घडविली. तिची 'ए ११०' ही कूपे १९६२ सालीं निघाली. मधोमध पोलादी कणा, त्यावर फायबरग्लासचें अंग, मागें इंजिन, आणि उंची इतकी कमी कीं उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडी वर. १९७३ च्या जानेवारींत माँटे कार्लोच्या रॅलींत पहिले तिन्ही क्रमांक याच गाड्यांनीं पटकाविले, आणि त्याच वर्षीं प्रथमच ठेवलेलें जागतिक रॅलीचें अजिंक्यपदहि अल्पीनला मिळालें. अधिक बलवान गाड्या त्या स्पर्धेंत होत्या. पण बर्फाळ घाटांतील आंखुड वळणांवर त्यांचें बळ कामास आलें नाहीं.

जपानांत हीच परंपरा निराळ्या वाटेनें आली. १९६५ सालीं टोयोटानें 'स्पोर्ट्स ८००' ही ५८० किलोंची चिमुकली गाडी काढली. तिचें इंजिन दोन सिलिंडरांचें आणि ४५ अश्वशक्तीचें होतें. पण तरुणांच्या मनावर राज्य केलें तें १९८३ सालच्या कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रूएनो या जोडीनें. कारखान्यांतील सांकेतिक नांवावरून ती 'ए. ई. ८६' म्हणून ओळखली जाते. इंजिन १५८७ घनसेंटिमीटरांचें, वजन हजार किलोंच्या आंत, आणि जोर मागील चाकांना. किंमत अशी कीं, नोकरीला लागलेल्या तरुणानें जुन्या बाजारांत ती घ्यावी. जपानच्या डोंगरी रस्त्यांवर अशा गाडीचीं मागील चाकें मुद्दाम घसरवीत वळण घेण्याचें कौशल्य केइइची त्सुचिया या चालकानें प्रसिद्ध केलें. पुढें १९९५ पासून शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा प्रसिद्ध होऊं लागली. तिचा नायक घरच्या दुकानांतील टोफू, म्हणजे सोयाबीनचें पनीर, पहांटे घाटावरच्या हॉटेलांत पोंचविणारा मुलगा आहे. रोजच्या फेऱ्यांनीं हात बसलेला हा मुलगा बापाच्या जुन्या ए. ई. ८६ मधून बलाढ्य गाड्यांना हरवितो. कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेजचा घाट चढणाऱ्या दुधाच्या किंवा भाजीच्या टेंपोचा चालक ज्यानें पाहिला आहे, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाहीं. २०१२ सालीं टोयोटानें नवी कूपे काढली तेव्हां तिला '८६' हेंच नांव दिलें, यावरून त्या जुन्या गाडीची पुण्याई लक्षांत येते.

आपल्याकडे अशा मोटारी कां झाल्या नाहींत, हा प्रश्न साहजिक आहे. महाराष्ट्रांत मोटारींचा उद्योग नव्हता असें नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट व पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. पण तो काळ परवान्यांचा आणि प्रतीक्षायादीचा होता. जेथें चार दारांची मोटार मिळण्यास वर्षानुवर्षें थांबावें लागे, तेथें दोघांच्या हौशीची गाडी कोण काढणार? तरीहि हलक्या गाडीचा ध्यास घेतलेलीं माणसें येथें निपजलीं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं दोन आसनांची छोटी मोटार स्वतः तयार केली आणि 'मीरा' या नांवानें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या १९७० नंतरहि काढल्या. ती शर्यतीची कूपे नव्हती. सामान्य माणसाला परवडणारी गाडी हें त्यांचें उद्दिष्ट होतें. परंतु कमी भागांत आणि कमी वजनांत मोटार बसविण्याची बुद्धि तीच होती. मीरा कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर कधींच निघूं शकली नाहीं. शतकाच्या अखेरीस गोव्यांत 'सान स्टॉर्म' ही दोन आसनांची, उघडी, फायबरग्लासच्या अंगाची गाडी तयार होऊं लागली. तिचें इंजिन रेनॉचें, सुमारें साठ अश्वशक्तीचें. थोडक्या संख्येंत निघून तीहि मागें पडली.

या परंपरेंतील सर्वांत धीट प्रयत्न टाटा मोटर्सनें केला. मार्च २०१७ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत या कंपनीनें 'टॅमो रेसमो' ही दोन दारांची कूपे मांडली. टाटांच्या इटलींतील तुरीन येथील चित्रशाळेंत तिचें रूप ठरलें. इंजिन केवळ १.२ लिटरांचें, परंतु टर्बोच्या साह्यानें १९० अश्वशक्ति देणारें. आणि तें बैठकीच्या मागें, गाडीच्या मध्याजवळ बसविलेलें. थांबलेल्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटर वेग सहा सेकंदांच्या आंत, असा कंपनीचा दावा होता. लांबी चार मीटरांहून कमी. लोटस आणि अल्पीन यांनीं घालून दिलेला धडा आपल्या देशांतील कारखान्यानें येथें नीट गिरविला होता. आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. रस्त्यावर येण्यापूर्वींच ही गाडी मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या शर्यतीच्या खेळांत अवतरणार, असें टाटांनीं जाहीर केलें. ज्या तरुणांसाठीं गाडी काढावयाची ते कोठें भेटतील, हें कंपनीनें अचूक ओळखलें होतें. दुर्दैवानें खर्चाचा मेळ बसला नाहीं आणि त्याच वर्षीं ही योजना बासनांत गुंडाळली गेली. रस्त्यावर रेसमो आलीच नाहीं.

आतां खेळांकडे वळूं. १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत 'ग्रान टुरिझ्मो' हा प्लेस्टेशनवरील खेळ निघाला. काझुनोरी यामाउची हे त्याचे कर्ते. त्यापूर्वींच्या पुष्कळ खेळांत मोटार म्हणजे पडद्यावर पुढें सरकणारें चित्र होतें. या खेळांत प्रत्येक मोटारीचें वजन, इंजिनाचा जोर, चाकांची पकड आणि वळतांना एका बाजूस पडणारा भार यांचें गणित क्षणोक्षणीं मांडलें जातें, आणि त्याच्या उत्तराप्रमाणें गाडी वागते. दुसरी युक्ति याहून शहाणपणाची होती. आरंभीं खेळाडूच्या हातीं अगदीं थोडें भांडवल दिलेलें असतें. तेवढ्यांत जुन्या बाजारांतील एखादी लहान गाडीच येते. परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. ब्रेक केव्हां दाबावा, वळणांत कोठून शिरावें आणि कोठून बाहेर पडावें, हें धड्याधड्यानें शिकावें लागतें. बक्षिसाचे पैसे मिळाले कीं ते कशावर खर्चावे, हा विचार पडतो. इंजिनाची ताकद विकत घेतां येते, तसें गाडीचें वजन घटविणेंहि विकत घेतां येतें. मुलगा प्रथम ताकद घेतो, आणि पहिल्याच वळणावर मैदानाबाहेर जाऊन पडतो. मग तो वजन घटवून पाहतो, आणि तीच गाडी हाताच्या इशाऱ्यावर चालूं लागते. भौतिकशास्त्राच्या तासाला जें सूत्र फळ्यावर राहतें, तें येथें बोटांना समजतें.

हलक्या कूपेचें आकर्षण नेमकें यांत आहे. बलाढ्य गाडी चालकाच्या चुका झांकून टाकते. वळणावर वेळ दवडला तरी पुढील सरळ रस्त्यावर इंजिन तो भरून काढतें. हलक्या आणि कमी ताकदीच्या गाडीला ही सवलत नाहीं. एकदां गमावलेला वेग तिला लवकर परत मिळत नाहीं. म्हणून तो गमवावयाचाच नाहीं, हें तिच्या चालकाला शिकावें लागतें. ब्रेक आधीं, वळण नंतर, आणि हात शांत, ही तिची शिस्त. येथें जिंकलें तें कोणाच्या पैशानें किंवा इंजिनानें नव्हे, तर स्वतःच्या कौशल्यानें, ही जाणीव तरुण मनाला मोठी सुखावह असते.

कॅम्प नंबर ३ मधील मुलाला ही जाणीव विशेष जवळची वाटावी यांत नवल नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें वसलीं आणि १९४९ सालीं या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. हातीं उचलतां येईल तेवढेंच सामान घेऊन निघालेल्या माणसांनीं उद्योगाच्या बळावर हें गांव उभें केलें. थोड्या भांडवलांत काम साधणें हा येथील जीवनाचा पाया आहे. मराठी, सिंधी आणि उत्तरेकडून आलेलीं अशीं नाना घरें आज एकाच गल्लींत नांदतात. परदेशी कूपे विकत घेणें हें त्यांतल्या बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें आहे. घेतली तरी ती चालवावी कोठें? कल्याण-बदलापूर रस्त्यावरील रहदारींत सायकल सुखरूप निघाली तरी समाधान मानावें लागतें. शर्यतीचे मान्यताप्राप्त मार्ग चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि दिल्लीपलीकडे ग्रेटर नोइडाला. तिन्ही हजार किलोमीटरांहून दूर. अशा परिस्थितींत ल मांची फेरी किंवा जपानी घाट या मुलाला अनुभवावयास मिळतो तो पडद्यावरच. ज्या वस्तूचें स्वामित्व मिळत नाहीं, तिचें ज्ञान मात्र त्याला मिळतें, आणि तें ज्ञान उसनें नसतें.

या ज्ञानाचें पुढें कांहीं होतें काय? होतें, असें दाखविणारीं उदाहरणें आहेत. निस्सान आणि सोनी या कंपन्यांनीं २००८ सालीं 'जी. टी. अकॅडमी' ही स्पर्धा सुरू केली. ग्रान टुरिझ्मो खेळण्यांत जे सर्वांत निष्णात ठरतील, त्यांना खऱ्या शर्यतीचें शिक्षण द्यावयाचें, अशी ती योजना होती. पहिल्या वर्षींचा विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ हा विद्यार्थी २०११ सालीं ल मां येथें आपल्या वर्गांत दुसरा आला. २०१४ सालीं या स्पर्धेंत भारताचाहि समावेश झाला होता. पण शर्यतीचा चालक होणें हा एकच मार्ग नव्हे. पवईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांचा चमू स्वतः घडविलेली विजेवर चालणारी शर्यतीची मोटार घेऊन इंग्लंडांतील विद्यार्थी-स्पर्धेंत उतरलेला आहे. अशा गाडींत प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक बोल्ट वजन करून बसवावा लागतो. विजेच्या मोटारींच्या युगांत तर या विद्येची निकड अधिकच आहे. बॅटऱ्या जड असतात. शिवाय अपघातांत माणूस वांचावा म्हणून गाड्यांचे सांगाडेहि पूर्वींपेक्षां मजबूत करावे लागतात. सुरक्षितता राखून वजन कसें उतरवावें, हा पुढील काळांतील मोटार-इंजिनिअरांचा मुख्य प्रश्न राहणार आहे.

असें असलें तरी खेळ आणि रस्ता यांतील अंतर विसरून चालणार नाहीं. पडद्यावर गाडी कठड्यावर आदळली तर एक बटण दाबून शर्यत पुन्हां सुरू करतां येते. तेथें शरीराला धक्का बसत नाहीं, पोटांत गोळा येत नाहीं, आणि समोरून शाळेंतून सुटलेलें मूल धांवत येत नाहीं. खऱ्या शर्यतींतहि सर्व दक्षता घेऊन अनर्थ घडतो. जी. टी. अकॅडमींतूनच पुढें आलेला जॅन मार्डनबरो हा निष्णात चालक. मार्च २०१५ मध्यें जर्मनींतील न्युर्बुर्गरिंग येथें त्याची गाडी उंचवट्यावरून हवेंत उडाली, कुंपणापलीकडे गेली, आणि एका प्रेक्षकाचा प्राण गेला. वेग दुप्पट झाला कीं आवरावयाची शक्ति चौपट होते, हा वर सांगितलेला हिशेब येथें माणसांच्या जिवाशीं येतो. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणें अल्पवयीन मुलानें मोटार चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा त्याला होऊं शकते. गाडीची किल्ली मुलाच्या हातीं सहज पडूं नये, ही खबरदारी प्रत्येक घरानें घेतलीच पाहिजे.

परंतु किल्ली दूर ठेवणें वेगळें आणि छंदाची हेटाळणी करणें वेगळें. पालकांनीं एखाद्या संध्याकाळीं मुलाजवळ बसून, 'तूं ही लहान गाडीच कां निवडलीस?' एवढेंच विचारून पाहावें. वजन, पकड, ब्रेकची उष्णता, भाराचें सरकणें यांविषयीं तो भरभरून बोलेल, आणि पुष्कळदां त्याच्या पाठ्यपुस्तकांतील प्रकरणच त्याच्या तोंडून ऐकावयास मिळेल. मग त्याच प्रकरणाची उदाहरणें त्याच्याकडून सोडवून घेणें कठीण जाणार नाहीं. खरी गाडी हाताळण्याची ओढ अनावर असली, तर कोल्हापुरांतील मोहिते यांच्या कार्टिंगच्या मार्गासारख्या ठिकाणीं, शिरस्त्राण घालून आणि शिक्षकाच्या देखरेखीखालीं ती भागवितां येते. कार्ट म्हणजे छप्पर नाहीं, दारें नाहींत, केवळ नळ्यांचा सांगाडा, चार चाकें आणि लहानसें इंजिन. हलकेपणाचा पहिला धडा जगांतील बहुतेक नामांकित चालकांनीं तिच्यावरच घेतलेला आहे. रेसमो बाजारांत आली नाहीं आणि मीराहि आली नाहीं; पण जी गाडी आपल्याकडे अद्याप व्हावयाची आहे, तिचा आराखडा काढणारा हात आज कदाचित् कॅम्प नंबर ३ मधील एखाद्या घरांत, पडद्यासमोर, एका जुन्या जपानी कूपेचें वळण साधण्यांत गुंतलेला असेल. त्या हाताला गणिताची आणि यंत्रशाळेची जोड वेळींच मिळाली पाहिजे.